फक्त लिंक व्हायचं राहिलंय

पुण्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत दुपारच्या चहाला उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सगळं झालंय, फक्त लिंक व्हायचं राहिलंय." असं म्हणणारा माणूस आदल्या दिवशीच्या चहालाही तेच म्हणत असतो, आणि ऐकणारे आदल्या दिवशीइतक्याच गंभीरपणे मान हलवतात. ज्याचं लिंक झालंय तो चहाला खाली येतच नाही. तो घरी गेलेला असतो.

आमच्याकडे कोल्हापूरचा एक मुलगा नव्यानं रुजू झाला. त्याला मिळालेलं पहिलं काम दिसायला अगदी किरकोळ. भरतीचे फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रांसाठी एक छोटा प्रोग्राम हवा होता. उमेदवाराचा फोटो २० ते ५० किलोबाइटमध्ये बसवायचा आणि सही १० ते २० मध्ये. बँकांच्या भरतीला असंच लागतं. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानावर 'फोटो व सही लहान करून मिळेल' अशी पाटी असते, ती याच आकड्यांच्या जिवावर. फोनवर काढलेला फोटो भरतो चार मेगाबाइटच्या आसपास. म्हणजे तो ऐंशी पट आवळायचा आणि तरीही उमेदवाराच्या आईला तो आपलाच मुलगा वाटला पाहिजे.

"हे कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असेल," टीम लीड मॅडम म्हणाल्या. ते खरंच होतं. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

करून ठेवणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. बेंगळुरूला १९४० साली जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्ससला प्राध्यापक होते. १९७२ साली त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका गणिती कल्पनेसाठी पैसे मागितले. अर्ज नामंजूर झाला. कल्पना फारच सोपी आहे, असं एका परीक्षकाचं म्हणणं पडलं. अहमद यांनी काम सोडलं नाही. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध छापून आला आणि डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म नावाची ती सोपी गोष्ट आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक फोनच्या पोटात आहे. त्या परीक्षकाचाही फोटो कुठे निघाला असेल, तर तोही बहुधा याच पद्धतीनं आवळला गेला असणार.

पद्धत सांगायला सोपी आहे, परीक्षकाचं तेवढं बरोबर होतं. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातल्या ६४ आकड्यांच्या जागी दुसरे ६४ आकडे मांडायचे. त्यातला पहिला सांगतो की चौकोन सरासरी किती उजळ आहे; बाकीचे सांगतात की आतली छटा किती भरभर बदलते. फार भरभर होणारे बदल आपल्या डोळ्याला जाणवत नाहीत, म्हणून त्या आकड्यांना मोठ्या संख्येनं भागून जवळच्या पूर्णांकावर आणायचं. बहुतेकांचं शून्य होतं. शून्यं साठवायला फारशी जागा लागत नाही. रंगातला फरक डोळ्याला उजेडातल्या फरकाइतका नीट कळत नाही, हे ओळखून रंगाची माहितीही आधीच छाटलेली असते. डोळ्याची ही उघड फसवणूक आहे आणि तिच्याविरुद्ध आजवर कुणी ग्राहक मंचात गेलेलं नाही.

उरलेल्या आकड्यांना कमीत कमी जागेत लिहिण्याची युक्ती डेव्हिड हफमनची. १९५१ साली एमआयटीत त्याच्या प्राध्यापकांनी वर्गाला मुभा दिली होती की अंतिम परीक्षा द्या, नाहीतर निबंध लिहून आणा. हफमननं निबंध घेतला. तर सांगायचं ते हे, की परीक्षा टाळायला बसलेल्या एका विद्यार्थ्याच्या युक्तीवाचून आज आपल्याकडे परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही.

मग १९८६ साली तज्ज्ञांची समिती बसली आणि १९९२ साली तिचं मानक प्रसिद्ध झालं. समितीच्याच नावाची आद्याक्षरं घेऊन जेपेग. पण समितीची जाडजूड भाषा वाचून प्रत्येकानं आपापला प्रोग्राम लिहायचा म्हटलं असतं, तर प्रत्येकाचा फोटो दुसऱ्याकडे उलटा उघडला असता. टॉम लेन नावाच्या गृहस्थांनी समविचारी लोक गोळा केले, इंडिपेंडंट जेपेग ग्रुप असं नाव घेतलं आणि ७ ऑक्टोबर १९९१ ला, म्हणजे मानक छापून येण्याच्याही आधी, तयार सी भाषेतला कोड जगाला फुकट देऊन टाकला. त्याचं नाव लिबजेपेग. (हेच लेन पोस्टग्रेस या डेटाबेसच्याही प्रमुख मंडळींपैकी. काही माणसं एका जन्मात दोन संसार करतात आणि दोन्ही नीट करतात.)

गणित १९७४ ला सुटलं, कोड १९९१ ला मिळाला. आमच्या कोल्हापूरकराला करायचं होतं ते इतकंच, की तो कोड बांधायचा आणि आपल्या प्रोग्रामला जोडायचा, म्हणजे लिंक करायचा.

त्यानं इंटरनेटवर शोध घेतला आणि २७ मार्च १९९८ ची ६बी ही आवृत्ती उतरवली. एवढी नावाजलेली म्हणजे चांगलीच असणार, हा त्याचा हिशोब. पेटी उघडली तर आतल्या फाइलींची नावं जेसीएपीआयमिन, जेडीकोएफसीटी, जेएफडीसीटीआयएनटी अशी. डॉसच्या जमान्यात नावाला आठच अक्षरं मिळत. त्यानं बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"सर, ह्यांनी नावंसुद्धा कॉम्प्रेस केलीत की ओ!"

त्या पेटीत अमिगा नावाच्या यंत्रासाठी वेगळी मेकफाइल आहे, व्हीएमएससाठी वेगळी, बोरलँडच्या कंपायलरसाठी आणखी वेगळी. काही जुन्या लिंकरना लांब नावं लक्षात ठेवता येत नसत, म्हणून प्रत्येक फंक्शनला एक आखूड पर्यायी नावही देऊन ठेवलं आहे. दारावर येईल त्याला जेवायला वाढायचं, मग तो कोणत्याही गावचा असो, अशी ती वृत्ती. नंतरच्या काळात असे लोक दिसत नाहीत. आता दारावर आलेल्याला आधी खातं उघडायला सांगतात.

मग कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट चालवली. ती स्वतःलाच प्रश्न विचारते आणि स्वतःच उत्तरं देते. सी कंपायलर आहे का? आहे. तो खरंच चालतो का? चालतो. उजवीकडे सरकवल्यावर आकड्याचं चिन्ह टिकतं का? टिकतं. पोराला हे फार आवडलं. अशी तोंडी परीक्षा त्याला कॉलेजात मिळाली नव्हती. मेक झालं, मेक इन्स्टॉल झालं, एकही चूक नाही.

"सर, झालंय की. चालेना झालंय नुसतं."

६बीचं साधं 'मेक इन्स्टॉल' फोटो आवळणारे छोटे प्रोग्राम बसवतं. आपल्या प्रोग्रामला जोडायची लायब्ररी बसवतच नाही. तिच्यासाठी 'मेक इन्स्टॉल-लिब' अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. हे सगळं सोबतच्या माहिती फाइलीत लिहिलेलं आहे. पण माहिती फाइल सगळं संपल्यावर वाचायची असते, असा आपल्या धंद्यात दंडक आहे.

आज्ञा दिली, लायब्ररी बसली. आता कंपायलर ओरडला, की 'फाइल' हा काय प्रकार आहे ते मला ठाऊक नाही. जेपेगची हेडर फाइल घेण्याआधी एसटीडीआयओ घ्यावी लागते. तो क्रम लावला, तर लिंकर म्हणाला, 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. आमचा प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये होता. त्या भाषेचा कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या नावाला मागून पुढून स्वतःच्या खुणा चिकटवतो आणि ६बीच्या हेडरला त्या रिवाजाची कल्पना नाही, त्यामुळे 'एक्स्टर्न सी' असं कुंपण आपणच घालावं लागतं. कुंपण घातलं, तरी अनडिफाइन्ड रेफरन्स. लायब्ररीचं नाव आज्ञेत आधी लिहिलं होतं आणि आमची फाइल नंतर. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. ज्याची गरज तोवर कुणी सांगितलेली नाही, ते तो उचलत नाही आणि पुढे गेल्यावर मागे वळून बघत नाही. स्वभाव म्हणून हे मला पटतं. सहकारी म्हणून नाही.

या टप्प्यावर मॅडमनी जाता जाता विचारलं, "अरे, ६बी कशाला वापरतोयस? टर्बो घे ना."

टर्बोची गोष्ट जरा घरगुती आहे. ६बीनंतर इंडिपेंडंट जेपेग ग्रुपनं अकरा वर्षं काहीच काढलं नाही. जगानं गृहीत धरलं की प्रकरण पूर्ण झालं आणि सगळे ६बीवर सुखानं नांदू लागले. २००९ साली नव्या कारभाऱ्यानं सातवी आवृत्ती काढली, २०१० ला आठवी, २०१३ ला नववी. त्यात मानकाबाहेरच्या गोष्टीही आल्या, म्हणजे असे फोटो बनू शकतात की जे इतरांना उघडणार नाहीत. नाराज मंडळींना पर्याय हवा होता आणि २०१० मध्येच लिबजेपेग-टर्बो आली. प्रोसेसरच्या खास सूचना वापरून ती जुन्या लायब्ररीच्या दोन ते सहा पट वेगानं काम करते, असं तिचे कर्ते सांगतात. २०१९ मध्ये तर तिला जेपेगची अधिकृत संदर्भ लायब्ररी असा मानही मिळाला. म्हणजे थोरल्या घराण्यातून फुटून निघालेल्यांनाच गावानं पाटीलकी दिली. थोरल्या घरात त्यावर काय बोलणं झालं असेल, त्याची कल्पना वाचकांनी आपापल्या नातेवाइकांवरून करावी.

पोरानं टर्बो बांधली. एनएएसएम नावाचा असेम्ब्लर यंत्रावर नव्हता, तेव्हा टर्बोनं वाटेत एक इशारा दिला की वेगवान सूचना बंद केल्या आहेत, कामगिरी खालावेल, आणि पुढचं बांधकाम निमूट पुरं केलं. शेकडो ओळी धावत असताना एक इशारा कोण वाचतो? टर्बो परत बांधावी लागली. तेवढं करून लिंकरचं आपलं चालूच: 'कॅनॉट फाइंड डॅश एल जेपेग'. टर्बो स्वतःला ऑप्ट नावाच्या फोल्डरमध्ये बसवून घेते आणि लिंकर तिकडे फिरकत नाही. त्याचे ठरलेले रस्ते असतात, तेवढेच तो फिरतो. दोघंही एकाच डिस्कवर राहतात, पण ओळख करून द्यायला तिसरा लागतो.

शेवटी कुणीतरी सांगितलं की उबंटूवर हे काहीच बांधायची गरज नाही. 'एपीटी इन्स्टॉल लिबजेपेग-डेव्ह', एवढी एक ओळ. ती ओळ मारली आणि खरंच बिल्ड झाला, लिंक झाला. प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर उमटलं: 'राँग जेपेग लायब्ररी व्हर्जन: लायब्ररी इज ८०, कॉलर एक्स्पेक्ट्स ६२'.

हा निरोप ज्यानं पाहिलेला नाही, त्यानं फोटोंचं काम केलेलं नाही. पोर हिरमुसलं. मी त्याला सातबाऱ्याचं उदाहरण दिलं, कारण त्याच्या घरी शेती आहे आणि तिथे बांधाचा वाद नाही असं शक्यच नव्हतं. हेडर फाइल म्हणजे सातबारा. कुणाची किती जमीन, कोण कुणाच्या शेजारी, हे कागदावर तिथे लिहिलेलं. कंपायलर तोच कागद बघून प्रोग्राम लिहितो. लायब्ररी म्हणजे प्रत्यक्ष रान. सातव्या आवृत्तीत मधल्या एका वावरात थोडी जमीन वाढवली, त्यामुळे त्यापुढच्या सगळ्यांचे बांध सरकले. तुझा कागद जुना आहे आणि रान नवं आहे. आता तू रुंदी समजून जिथे पेरणी करशील, तिथे दुसऱ्याचा ऊस उभा असेल.

"पण माझ्याकडं जुना कागद आला कुठनं?"

आधीची ६बी काढताना त्यानं लायब्ररी पुसली होती. हेडर युझर-लोकलमध्ये तसंच राहिलं होतं आणि कंपायलर आधी तिथे बघतो. जमीन विकली, पण कागद कपाटात.

या निरोपाला लोक शिव्या देतात. मला तो लेन मंडळींच्या शहाणपणाचा पुरावा वाटतो. लायब्ररीशी पहिला शब्द बोलतानाच प्रोग्रामकडून दोन आकडे मागून घ्यायचे, तुझी आवृत्ती कोणती आणि तुझ्या मते सातबाऱ्यावर क्षेत्र किती, आणि जुळलं नाही तर तिथेच थांबवायचं. हे नसतं तर प्रोग्राम गपगुमान दुसऱ्याच्या शेतात नांगर घालत सुटला असता आणि महिन्याभरानं उमेदवाराच्या फोटोला हिरवा चेहरा का आला, यावर बैठका झाल्या असत्या. भांडण दारातच व्हावं, हे चांगल्या घराचं लक्षण आहे.

कागद फाडला, प्रोग्राम चालला. चार मेगाबाइटचा फोटो ४७ किलोबाइट झाला. पोरानं घरी फोन केला. मग आम्ही प्रोग्राम सर्व्हरवर चढवला आणि सर्व्हर म्हणाला, 'लिबजेपेग डॉट एसओ डॉट ८' नावाचं इथे कुणी राहत नाही.

टर्बो बांधताना तिला सांगता येतं, की तू ६२, म्हणजे ६बी, म्हणून वावर किंवा ८०, म्हणजे आठवी, म्हणून वावर. उबंटूनं तिला ८० केलं. डेबियननं ६२ ठेवलं. उबंटू स्वतः डेबियनमधूनच निघालेली. म्हणजे लायब्ररी तीच, कर्ते तेच, कोड तोच, पण सख्ख्या दोन घरांत तिची हाक वेगळी. पोराचा लॅपटॉप उबंटूचा होता आणि सर्व्हर डेबियनचा. त्यानं इंटरनेटवरचा सर्वांत लोकप्रिय सल्ला अमलात आणला, म्हणजे ६२ च्या फाइलीला ८ नावाचा सिमलिंक लावून दिला. लोडरनं आत डोकावून मोहोर तपासली आणि त्याला परत पाठवला. नाव बदलून काम होण्याचा काळ गेला, हे निदान डेबियनमध्ये तरी खरं आहे. मग प्रोग्राम डेबियनवरच नव्यानं बांधला आणि तो विषय मिटला.

केंद्रं सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी सर्व्हर अधूनमधून नाहीसा होऊ लागला. नोंदवहीत शेवटची ओळ प्रत्येक वेळी तीच: 'नॉट अ जेपेग फाइल: स्टार्ट्स विथ ०एक्स८९ ०एक्स५०'. ही पीएनजी फाइलीची सुरुवात आहे. फॉर्मला जेपेगच लागतो म्हणून दुकानदारानं पीएनजीचं नाव बदलून त्याला जेपीजी शेपूट लावलं होतं. आपल्याकडे नावात बदल राजपत्रात छापून आला की माणूस बदलतो. फाइल बदलत नाही. पण एका चुकीच्या फोटोपायी अख्खा सर्व्हर का पडावा? कारण गंभीर चूक दिसली की लिबजेपेग मूळ स्वभावानुसार निरोप छापते आणि 'एक्झिट' म्हणते. एक्झिट म्हणजे आपला प्रोग्राम बंद, त्या क्षणी, रांगेतल्या सगळ्यांसकट. ती लिहिली गेली तेव्हा एका वेळी एक फोटो आवळून घरी जाणारे प्रोग्राम असत, त्यांना हे शोभून दिसे. बाकीच्यांनी सेटजंप आणि लाँगजंप वापरून उडी मारून निसटावं, असं सोबतच्या उदाहरण फाइलीत सविस्तर लिहिलं आहे. माहिती फाइलींविषयीचा दंडक वर सांगितलाच आहे.

एक गोष्ट मात्र खरी, लिबजेपेग पडताना सभ्यपणे पडते. ६बीच्या चुकांच्या यादीत एक निरोप चक्क 'सॉरी'नं सुरू होतो: अरिथमेटिक कोडिंगवर कायदेशीर बंधनं आहेत, क्षमस्व. त्या पद्धतीवर तेव्हा पेटंटं होती. आजकालची अ‍ॅप्स 'काहीतरी चुकलं' एवढंच म्हणतात. काय चुकलं ते ना त्यांना माहीत, ना आपल्याला. त्या मानानं हे प्रकरण फार सुसंस्कृत.

यानंतरही मंडळी येत राहिली. २०१४ साली मोझिलानं मोझजेपेग काढली, २०२४ साली गुगलनं जेपेगली. दोघांनीही आवळण्याचं गणित सुधारलं आणि दोघांनीही बाहेरचं दार मात्र जुन्या लिबजेपेगचंच ठेवलं, कारण जगभरचे प्रोग्राम त्याच दारावर टकटक करतात. ते दार हलवायची हिंमत गुगललाही झाली नाही. माझं मत विचाराल, तर संगणकातल्या सगळ्या शोधांत सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे दुसऱ्याच्या कोडमध्ये एकदा लिहिलं गेलेलं फंक्शनचं नाव. 'जेपेग क्रिएट डीकम्प्रेस' हे नाव आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जगणार आहे.

कोल्हापूरकर आता जुना झाला. गेल्या आठवड्यात नवी मुलगी रुजू झाली, तिला वेबपी नावाच्या फोटो-प्रकाराचं काम दिलंय. चहाच्या वेळी तिनं त्याला विचारलं, "दादा, हेडर सापडलं, लायब्ररी सापडली, तरी चालत का नाही?" त्यानं कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुझ्या घरी शेती हाय का?"

वाचकांना एकच विनंती आहे. लिबजेपेगच्या कर्त्यांनी पैसे मागितले नाहीत. त्यांची एक अट आहे, की नुसता तयार प्रोग्राम वाटणाऱ्यानं सोबतच्या कागदपत्रांत एक ओळ लिहावी: हे काम अंशतः इंडिपेंडंट जेपेग ग्रुपच्या कामावर आधारलेलं आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटी फोनची माहिती असते, तिच्यात कायदेशीर माहिती आणि तिच्यात परवान्यांची न संपणारी यादी. उद्या सकाळी कुणी उगवत्या सूर्याचा सुप्रभात पाठवला, की तो पुढे ढकलण्याआधी त्या यादीत लिबजेपेगचं नाव एकदा शोधून पाहा. ती यादी नेमक्या कुठल्या मेनूत आहे, ते मात्र तुमच्या फोनच्या व्हर्जनवर अवलंबून आहे.